नुसती सही

“मॅडम, वळखलासा न्हवं? गेल्या साली हितंच मी सही केलती.”

खरं सांगायचं तर मी ओळखलं नव्हतं. जुलै महिन्यात आमच्या खिडकीवर दिवसाला शंभर-दीडशे पालक येतात. चेहरे लक्षात राहत नाहीत, मी अर्जाच्या नंबरावरून माणसं लक्षात ठेवते. त्या गृहस्थांच्या मागे एक मुलगी उभी होती. हातात प्लास्टिकची फाइल, फाइलला रबरबँड. मी तिचा अर्ज पुढे ओढला. गिरिजा मल्लाप्पा शेटे, पेठ वडगाव. बारावीला उत्तम मार्क. इलेक्ट्रॉनिक्सला नंबर लागलेला. पूर्ण फी भरायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. तो सोमवार होता.

“फीसाठी कर्ज काढणार ना?” मी विचारलं आणि पेनानं भिंतीवरचा तक्ता दाखवला. “एक नंबरची पतसंस्था बघा. तुमच्या वडगावचीच आहे. दोन दिवसांत चेक मिळतो.”

“तिथंच गेलतो की सकाळी,” मल्लाप्पा म्हणाले. “देत न्हाय म्हणत्यात. मी दुसऱ्याला जामीन हाय म्हणून.”

मग मला आठवलं. माणूस नाही, ती सही आठवली.

हे नीट कळायला एक वर्ष मागं जावं लागेल. कोल्हापूरबाहेरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी तेव्हा स्टुडंट सेक्शनची प्रमुख होते. प्रवेश, फी, सर्टिफिकेटं, स्कॉलरशिप हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. दोन हजार दोन सालची गोष्ट. फी वाढली होती आणि पालक खिडकीवर येऊन एकच प्रश्न विचारत होते, कर्ज कुठून काढू? आमचे लोक सांगायचे, “बँकेत जावा.” प्राचार्यांनी मला बोलावलं. म्हणाले, “मगदूम मॅडम, नुसतं बँकेत जा म्हणून भागत नाही. एक यादी करा.”

यादी म्हटलं की मला हुरूप येतो. घरी किराण्याची, लग्नाच्या आहेराची, दुरुस्तीला टाकलेल्या वस्तूंची, सगळ्याची माझ्याकडे यादी असते. मी नऊ संस्थांना छापील प्रश्नावली पाठवली. सहा रकाने आखले: व्याज किती, कर्ज किती दिवसांत मिळतं, जामीनदार किती, तारण काय, हप्ता कधी सुरू, शेरा. तारण म्हणजे कर्ज बुडालं तर संस्थेनं ताब्यात घ्यायची वस्तू. घर, जमीन, सोनं असं काहीतरी.

सात संस्थांची उत्तरं आली. दोन सरकारी बँकांची आली नाहीत. त्यातल्या एका बँकेत मी स्वतः एकदा जाऊन आले. साहेब मीटिंगला गेले होते, मंगळवारी या, असं शिपायानं सांगितलं. मंगळवारी आमचीच मीटिंग होती.

तक्ता टाइप करताना आमचे क्लार्क कांबळे म्हणाले, “मॅडम, ह्या दोन वळी मोकळ्याच ऱ्हायल्यात. डॅश टाकू?”

“काढूनच टाका,” मी म्हटलं. “डॅश दिसला की लोक त्याचाच अर्थ विचारत बसतात.”

सात ओळी एका पानात छान बसल्या. क्रम मी ‘किती दिवसांत’ या रकान्यावरून लावला, कारण आमचा नियम होता, नंबर लागल्यावर पाच दिवसांत पूर्ण फी, नाहीतर जागा पुढच्या नंबराला. हा नियमही मीच लिहून दिला होता. त्या हिशेबानं वडगावची पतसंस्था पहिली आली. पतसंस्था म्हणजे सभासदांच्या ठेवींवर चालणारी छोटी सहकारी संस्था, शेअर घेऊन सभासद झालं की कर्ज मिळतं. मी तक्ता लॅमिनेट करून घेतला. प्राचार्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, “वा!” पुढे जाऊन मी त्या पतसंस्थेच्या क्लार्कला प्रवेशाच्या आठवड्यात आमच्याच खिडकीशेजारी टेबल दिलं. पालकांची खेप वाचली. आमची फीही वेळेत जमा होऊ लागली. आता वाटतं, तो तक्ता पालकांपेक्षा आमच्या कॅशियरच्या जास्त सोयीचा होता.

त्या आठवड्यात बाबासो चौगुले आले. वडगावजवळच्या सूतगिरणीत कामाला. मुलगा सचिन, मेकॅनिकलला नंबर लागलेला. फॉर्म भरून झाला होता, पण पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात आणि एकच हजर होता.

“चुलतभाऊ येतो म्हनलावता दुपारच्या एस्टीनं,” बाबासो घाम पुसत म्हणाले. “एस्टी आली, ह्यो बाबा न्हाय आला.”

बाकावर एक माणूस चहा पीत बसला होता. मी विचारलं, “हे कोण?”

“ह्यो मल्लू. मल्लाप्पा शेटे. आमच्याच गिरणीत फिटर हाय. सोबतीला आलाय.”

“पतसंस्थेचे सभासद आहेत का?”

“व्हय की.”

“मग हे करतील सही.”

मल्लाप्पा कप तसाच हातात घेऊन उठले. “मॅडम, माझी एक जामीनकी हाय आदीच. मेव्हण्याची. आन् माझ्या पोरीचं फुडल्या साली बारावी हाय. तिला बी हिकडंच घालायचं म्हणतोय. तवा मला कर्ज लागलं तर ह्याची अडचण न्हाय न्हवं यायची?”

प्रश्न इतका सरळ होता. आजही तो मला शब्दशः आठवतो.

शेजारच्या टेबलावरून पतसंस्थेचा क्लार्क सुतार यानं मान वर केली. “म्हणजे मॅडम, तसं पोटनियमात...”

मी घड्याळ बघितलं. रांगेत तेवीस माणसं होती, मी मोजली होती. “अहो, नुसती सही आहे ती,” मी मल्लाप्पांना म्हटलं. “कर्ज यांचं, फेडणार हे. तुमचा काय संबंध? फॉर्मॅलिटी असते.”

सुतारनं मान खाली घातली. माझ्या मेहरबानीनं मिळालेल्या टेबलावर बसून तो माझं बोलणं कसं खोडणार?

“मल्लू, मॅडम सांगत्यात म्हंजे झालं की,” बाबासो म्हणाले. “त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतंय व्हय?”

“चष्मा घरीच ऱ्हायलाय,” मल्लाप्पा म्हणाले.

“पेन्सिलीनं फुली केली आहे, तिथं करा,” मी म्हटलं. त्यांनी केली. मी पुढच्या पालकाला बोलावलं. या सगळ्याला दोन मिनिटंही लागली नसतील.

जामीनदार म्हणजे कर्ज थकलं तर ज्याच्या दारात वसुली जाते तो माणूस, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण त्याची आणखी एक बाजू असते. जामीन राहिलेल्या माणसाची पत तेवढी गुंतून पडते. त्या पतसंस्थेच्या पोटनियमात लिहिलं होतं की, एका सभासदाच्या नावावर दोन जामीनक्या झाल्या की त्यातली एक सुटेपर्यंत त्याला स्वतःलासुद्धा कर्ज नाही. ही पोटनियमांची पुस्तिका माझ्या ड्रॉवरमध्ये होती. सुतारनंच दिली होती. मी तिच्यावर ‘वाचणे’ अशी चिठ्ठी लावून ठेवली होती.

आता परत त्या सोमवारी येते.

मी पतसंस्थेच्या सेक्रेटरींना फोन लावला. ते म्हणाले, “मॅडम, सभासद गुंतलाय. मी तरी काय करू? चौगुल्यांनी दुसरा जामीनदार दिला तर ह्यांना मोकळं करता येईल.”

मंगळवारी बाबासो पहिली पाळी करून थेट आले. मान वर करत नव्हते. आदल्या संध्याकाळी कॉलनीत पाच घरं फिरले होते. चार घरांनी चहा पाजला आणि विषय बदलला. पाचवा तयार झाला. मी पुन्हा फोन केला. जामीनदार बदलायचा विषय संचालक मंडळापुढे ठेवावा लागतो आणि मंडळाची मीटिंग पंधरा दिवसांनी होती.

“माझ्या पोरापायी ह्याच्या पोरीचं अडलं,” बाबासो मला म्हणाले. “मी ह्याला त्वांड कसं दावू?”

“गप रं,” मल्लाप्पा म्हणाले. “तुझं त्वांड बघाय मी कवा आलोय? रोज बघतोयच की मशीनवर.”

दोघं हसले. मी हसले नाही. ‘तुमचा काय संबंध’ हे शब्द कोणाचे, ते त्या दोघांनाही आठवत असणार. कोणी काढलं नाही.

बुधवारी मी तक्त्यातल्या उरलेल्या सहा संस्थांना एकेक करून फोन केला. दोघींना घराचे किंवा जमिनीचे कागद हवे होते. शेटे कुटुंब गिरणीच्या क्वार्टरमध्ये राहत होतं. एकीला तारण म्हणून सोनं हवं होतं, ते मोठ्या मुलीच्या लग्नात गेलं होतं. दोघी म्हणाल्या, आधी सभासद व्हा, मग तीन महिन्यांनी बघू. शेवटच्या संस्थेनं यंदा शैक्षणिक कर्जच बंद केलं होतं. तक्ता मी वर्षभरात पुन्हा तपासला नव्हता. माझ्याकडच्या झेरॉक्सवर मी लाल पेनानं एकेक ओळ खोडत गेले. सातही ओळी लाल झाल्या.

गिरिजा बाकावर बसून भिंतीवरचा तक्ता वाचत होती. तीन दिवस ती जवळजवळ काही बोलली नव्हती.

“मॅडम, ह्यात सरकारी बँक एकपण नाही.”

“त्यांनी उत्तर दिलं नाही.”

“नाही म्हणाले?”

“नाही म्हणाले नाहीत. उत्तर दिलं नाही.”

“म्हणजे विचारायचं राहिलंय,” ती म्हणाली. उद्धटपणा नव्हता त्यात. गणितात हातचा धरायचा राहिला तर सांगावं, तसं तिनं सांगितलं.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं रिक्षानं लक्ष्मीपुरीतल्या त्या बँकेत गेलो, जिथं मी गेल्या वर्षी मंगळवारी जाणार होते आणि गेले नव्हते. या वेळी मॅनेजर जागेवर होते. त्यांनी गिरिजाची मार्कलिस्ट बघितली, आमचं फीचं पत्र बघितलं आणि विचारलं, “चार वर्षांचा एकूण खर्च चार लाखांच्या आत आहे ना? मग प्रश्नच नाही.”

“जामीनदार किती लागतील?” मी विचारलं.

“लागत नाही. जामीन नाही, तारण नाही. वडिलांची किंवा आईची सहकर्जदार म्हणून सही. हप्ता कोर्स संपल्यावर एक वर्षानं सुरू, नोकरी आधी लागली तर सहा महिन्यांनी.”

या मधल्या काळाला बँकेच्या भाषेत मोरॅटोरियम म्हणतात. मूल शिकत असताना हप्ता मागायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. मला बाबासो आठवले. त्यांचा हप्ता सचिनचं पहिलं सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच सुरू झाला होता. तेही माझ्या तक्त्यातला एक नंबर बघूनच गेले होते.

“जामीन लागतच न्हाय?” मल्लाप्पांनी विचारलं.

“नाही.”

“कुनाचाच न्हाय?”

“नाही हो पाहुणे,” मॅनेजर हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, हे सगळं तुमच्या कॉलेजला आम्ही लेखी कळवलं होतं. तुमच्या प्रश्नावलीला उत्तर द्यायला उशीर झाला खरा, पण पाठवलं होतं.” त्यांनी शिपायाकडून फाइल मागवली आणि पत्राची प्रत काढून टेबलावर ठेवली. गेल्या सप्टेंबरातली.

मला लगेच आठवलं. लांब खाकी पाकीट. ते आलं तेव्हा तक्ता छापून, लॅमिनेट होऊन भिंतीवर चढला होता. मी पत्रावर आवक नंबर घातला, ‘पुढील वर्षी तक्ता करताना पाहणे’ असा शेरा मारला आणि फाइलला लावलं. पुढच्या वर्षी तक्ता नवा केलाच नाही. जुनाच चांगल्या स्थितीत होता.

“हां, आलं असेल,” मी म्हटलं. मल्लाप्पा आणि गिरिजा शेजारीच बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मॅनेजरांनी अर्ज लगेच घेतला, वडगावच्या शाखेला फोनही केला. पण कागद तपासायचे, शाखेचा अभिप्राय यायचा. कितीही घाई केली तरी आठ-दहा दिवस. आमची मुदत दुसऱ्या दिवशी पाचची. ते म्हणाले, “अर्ज मिळाला आणि मंजुरीला अडचण दिसत नाही असं पत्र मी आत्ता देतो. कॉलेज तुमचं आहे. दहा दिवस तुम्ही द्या.”

पत्र घेऊन मी दुपारी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी वाचलं आणि परत माझ्यापुढे सरकवलं.

“मॅडम, नियम चार. पाच दिवस म्हणजे पाच दिवस. तुम्हीच लिहिलाय. गेल्या वर्षी त्या आजऱ्याच्या मुलाला आपण एक दिवस वाढवून दिला नव्हता. त्याच्या वडिलांनी विचारलं तर मी काय सांगू?”

नियम चारच्या खाली आणखी एक ओळ आहे. ‘कार्यालयाच्या चुकीमुळे विलंब झाला असल्यास प्राचार्य दहा दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतात.’ ती ओळही मीच लिहिली होती. त्यासाठी ज्याची चूक असेल त्यानं काय चुकलं ते लेखी मांडून खाली सही करायची असते. तो कागद कायमचा फाइलला लागतो.

प्राचार्यांना ती ओळ आठवत नसावी. किंवा आमच्या ऑफिसकडून चूक होते हेच त्यांच्या ध्यानात येत नसावं, कारण इतकी वर्षं मी तशी वेळ येऊ दिली नव्हती. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “दुसरं काही कारण आहे का?”

ऑगस्टमध्ये रजिस्ट्रारच्या जागेसाठी मुलाखत होती. आम्ही तिघं होतो. माझं नाव पहिलं होतं.

“नाही सर,” मी म्हटलं. “बरोबर आहे तुमचं.”

टेबलावर येऊन मी तरी ते चुकीच्या कबुलीचं पत्र टाइप करायला घेतलं. ‘दिनांक अमुक रोजी सदर बँकेचे पत्र प्राप्त झाले असता माझ्याकडून...’ इथपर्यंत आले. ‘माझ्याकडून’च्या पुढे काय लिहायचं ते मला पक्कं माहीत होतं. सहा वाजता कांबळे कुलूप घेऊन आले. “मॅडम, निघायचं न्हवं?” मी कागद काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. वर ती पोटनियमांची पुस्तिका ठेवली. उद्या सकाळी आधी हे, असं ठरवलं.

शुक्रवारी सकाळी मी बाकीची सगळी कामं केली. दहा ते पाच, सात तास मिळाले. प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी चार वेळा गेले, चारही वेळा दुसऱ्या फायली घेऊन. माझी नुसती एक सही लागत होती.

साडेचार वाजता मल्लाप्पा आणि गिरिजा आले. दुसऱ्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घालायचं तर तिची मूळ सर्टिफिकेटं परत हवी होती. ती मिळायला प्रवेश सोडल्याच्या छापील अर्जावर पालकाची सही लागते. मी अर्ज पुढे केला. सवयीनं हातात पेन्सिल होती. सहीच्या जागी फुली करायला मी हात पुढे नेला आणि मागे घेतला.

मल्लाप्पांनी शर्टाच्या खिशातून चष्मा काढला. एका काडीला दोरा बांधलेला होता. तो त्यांनी कानामागे नीट अडकवला आणि अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. बोट ठेवून. कॉलेजचं नाव, पत्ता, सूचना, खालची बारीक अक्षरं, सगळं. मागे रांग होती. कोणीतरी म्हणालं, “आवरा की पावणं.” ते थांबले नाहीत. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, दुसरीकडे बघायचं धाडस नव्हतं. बारा मिनिटं लागली.

“मॅडम, ह्यात लिवलंय, स्वखुशीने प्रवेश सोडत आहे.”

“छापील आहे ते. सगळ्यांना तेच असतं.”

“आसंल. पर ते खरं न्हाय की.”

मी पेन्सिल खाली ठेवली.

“खोडू काय?” त्यांनी विचारलं.

“खोडा,” मी म्हटलं.

त्यांनी टेबलावरची पट्टी घेतली. ‘स्वखुशीने’ या शब्दावर सरळ रेघ मारली आणि खाली सही केली. मी सर्टिफिकेटं मोजून गिरिजाच्या हातात दिली. तिनं ती पुन्हा एकदा मोजली, फाइलमध्ये घातली, रबरबँड लावला.

“चल गिरिजव्वा,” मल्लाप्पा म्हणाले. मग खिडकीत वाकून मला म्हणाले, “वाईट वाटून घिऊ नका, मॅडम. तुमचं काय चुकलं न्हाय. त्या दिशी चष्मा मीच इसरलोतो.”

ते गेटपर्यंत जाताना दिसत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पाचला दहा कमी होते. पाच वाजता मी गिरिजाच्या नावावर रेघ मारली आणि पुढच्या नंबराला फोन लावला.

ऑगस्टमध्ये मी रजिस्ट्रार झाले.

गिरिजानं बी.एस्सी. केलं, मग एम.सी.ए. केलं, त्याच बँकेचं कर्ज काढून, जामीनदाराशिवाय. हे मला बाबासोंच्या सचिनकडून कळलं. आता ती पुण्यात नोकरी करते. तिचं बरं झालं. ते माझ्यामुळे झालं नाही, हे नोंदवून ठेवायला हवं. तिची दोन वर्षं जास्त गेली आणि जे शिकायचं होतं ते राहिलं, हे मात्र माझ्यामुळे झालं. बँकेचं पत्र माझ्याच हातानं, शेरा मारून, फाइलला लागलं होतं, हे त्या बापलेकींना कोणी सांगितलेलं नाही. ते अर्धवट टाइप केलेलं पत्र अजून माझ्याकडे आहे. हे लिखाण म्हणजे त्या पत्राचा ‘माझ्याकडून’च्या पुढचा भाग. सहा वर्षं उशिरा. ते छापून येण्याआधी वडगावला जाऊन मल्लाप्पांना वाचून दाखवायचं, असं यादीत पहिल्या नंबरावर लिहिलेलं आहे. गेले तीन रविवार मी ते पुढच्या रविवारी ढकललं आहे. या रविवारी सचिन मोटारसायकल घेऊन साडेआठला येतो म्हणाला आहे. त्याला मी मुद्दाम सांगून ठेवलं आहे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

बाकी कामाचं एवढंच. पालकांनी कर्ज कुठून काढावं, याचा तक्ता आमच्याकडे अजून आहे. तो आता मी दर जूनमध्ये नव्यानं करते आणि लॅमिनेट करत नाही. क्रम लावत नाही. हप्ता कधी सुरू होतो, हा रकाना पहिला घेतला आहे. ज्या बँकेचं उत्तर आलं नाही तिची ओळ काढत नाही, तिथं ‘माहीत नाही, स्वतः विचारून या’ असं लिहिते. कोणत्याही संस्थेच्या माणसाला खिडकीशेजारी टेबल देत नाही. आणि जामीनदार कोणी सोबत आला असेल तर त्याला त्याच दिवशी सही करू देत नाही. फॉर्म घरी न्या, चष्मा लावून वाचा, उद्या या, असं सांगते.

नवे प्राचार्य परवा म्हणाले, “मॅडम, तुमच्या या पद्धतीमुळे रांग फार हळू सरकते.”

सरकते. एक फॉर्म नीट वाचायला माणसाला बारा मिनिटं लागतात. मी मोजली आहेत.